वाकलेला सूर

"मी पहिले एका जिल्ह्यात फेमस होतो जी. मंग सरकारनं जिल्हाच फोडला. आता दोन जिल्ह्यांत फेमस आहो."

कोणाशीही नवी ओळख झाली की तो हे वाक्य टाकायचा. टाकून झालं की उजव्या हाताने कलप लावलेले केस मागे सारायचा आणि समोरचा हसतो की नाही, ते काळ्या चष्म्याआडून पाहायचा. समोरचा हसला तर वाक्य पुन्हा एकदा म्हणायचा. गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा कोणाला बदलीची काळजी पडली होती, कोणाला कचेरी लांब गेल्याची. आपली कीर्ती दुप्पट झाली म्हणून खूश झालेला माणूस माझ्या पाहण्यात हा एकटाच.

आम्ही दोघे वरठीच्या कारखान्यात होतो. मी वजनकाट्यावर. ट्रक यायचा, रिकामा तोलायचा, भरलेला तोलायचा, पावती फाडायची. म्हणून तो मला 'काटेबाबू' म्हणायचा. तो स्वतः शेडमधली मोठी क्रेन चालवायचा. छताजवळच्या पिंजऱ्यात बसून दिवसभर आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून ये-जा करायची, हे त्याचं काम. खाली उतरल्यावरही आपण सगळ्यांच्या डोक्यावरच आहोत, असं त्याला वाटत असे. आमचे सुपरवायझर एकदा त्याच्यावर भडकले, तेव्हा याने एक बोट वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी खवळता तवा आवाज एकदम सुरात लागते. तेवढा धरून ठेवा." साहेबांना पुढे काय बोलायचं होतं तेच आठवेना.

आता त्याच्या गिटारीबद्दल. तुम्ही गिटार वाजवणारे पाहिले असतील, ते ती छातीशी धरून उभे असतात. हा मांडी घालून बसायचा, गिटार पाळण्यातल्या पोरासारखी मांडीवर आडवी ठेवायचा आणि डाव्या हातातला पोलादाचा गुळगुळीत कांडका तारांवरून फिरवायचा. त्या पद्धतीला हवाई गिटार म्हणतात, हे त्याला फार पुढे कळलं. त्याचं कारण वेगळंच होतं. तरुणपणी त्याने नागपूरहून कोणाची तरी वापरलेली गिटार आणली आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती घराच्या टिनाखाली ठेवली. भंडाऱ्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गिटारीची मान वाकली, तारा वर उचलल्या गेल्या आणि दाबायला गेलं की बोटं कापायला लागल्या. दुसरा कोणी असता तर ती माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. याने लेथवरच्या मित्राकडून तो कांडका घासून घेतला आणि तारा दाबायच्याच नाहीत असं ठरवलं.

बाबासाहेबांच्या जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, कोणाच्या घरी बारसं असलं, विहाराचं उद्घाटन असलं, की त्याला बोलावणं यायचं. गाणारे बदलत, ढोलकीवाले बदलत. हा ठरलेला. पुढेपुढे दिवाळीनंतरच्या मंडईतही त्याला बोलावू लागले. आमच्याकडची मंडई म्हणजे गावजत्राच. दंडारीचे नाचगाण्याचे खेळ, पाळणे, भजी आणि पाहुण्यांनी भरलेली घरं.

अशाच एका मंडईत ती प्रसिद्ध गोष्ट घडली. मी साक्षीदार आहे, कारण माझ्याच मोटरसायकलवर तो गिटार घेऊन मागे बसला होता. आयोजकांनी गावभर फलक लावले होते, 'सुप्रसिद्ध हवाई गिटारवादक'. त्या फलकाचा गावाने आपला अर्थ लावला होता. हवाई म्हणजे हवेतली. आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या उन्हात अख्खं गाव जमलेलं. दोन जाणत्या माणसांनी स्टेजवरच्या लाकडी बल्लीला दोरसुद्धा बांधून ठेवला होता, लागलाच तर. हा मांडी घालून बसला, सूर जुळवायला लागला, तशी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काहो, उडवता कवा?"

"काय उडवू जी?"

"गिटार. हवाई म्हणून सांगतलं ना!"

आयोजकांचे चेहरे पडले. त्याने मात्र चष्मा सारखा केला, बोट वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कांडका सर्वात जाड तारेच्या अगदी टोकाला टेकवला. आधी नुसती घरघर आली, लांबून. मग ती जवळ आली, वाढली, डोक्यावर आली आणि हळूहळू खाली उतरत पलीकडे निघून गेली. नागपूरकडे जाणारं विमान आमच्या गावांवरून जातं, हुबेहूब तसं. आणि तुम्हाला सांगतो, निम्म्या गावाने मान वर करून आभाळात पाहिलं. तो म्हातारा तर डोळ्यांवर हात आडवा धरून शोधत होता. मग जो हशा झाला तो थांबेचना. त्या दिवसापासून त्याचं नाव 'हवाईवाले' पडलं. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

इथवर तुम्हाला तो एक गमतीचा, थोडा बढाईखोर माणूस वाटला असेल. मलाही तसंच वाटे. एकदा श्रावणात आम्ही त्याच्या गावी निघालो होतो. पवनीकडे कोंढा म्हणून गाव आहे, तिथे त्याची आई एकटी राहायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्यांमध्ये पाणी उभं होतं आणि बाया धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करत होत्या. ओळीने वाकलेल्या, चिखलात हात, आणि गाणं चालू.

"गाडी थांबवा," तो म्हणाला.

मी थांबवली. त्याने बोट वर केलं. मला एक जुनं, दरवर्षी कानावर पडणारं गाणं ऐकू येत होतं, बाकी काही नाही.

"ओळीच्या शेवटाले आयका. सूर कसा खाली झुकते. पेटीवर शोधून पाहा, तुमाले भेटणार नाही. दोन पट्ट्यांच्या मधात राह्यते तो."

"दमल्या असतील बिचाऱ्या," मी म्हणालो.

"दमल्या नाही जी. वाकल्या आहेत. वाकून गाऊन पाहा एक डाव."

मी नाही म्हणत होतो, पण त्याने ऐकलं तर तो कसला. शेवटी भर रस्त्यावर, पॅन्टशर्ट घातलेला, बुटातला मी कमरेत वाकलो आणि एक ओळ म्हणायला लागलो. ओळीच्या शेवटी पोट दाबलं गेलं, श्वास पुरेना आणि सूर आपोआप खाली घसरला. घसरला तो पुरता खालच्या सुरावर गेला नाही, मधेच कुठेतरी थरथरत राहिला. मी चकित होऊन तसाच वाकलेला. तेवढ्यात धुऱ्याजवळची, बांधालगतची एक बाई ओरडली, "काहून जी, बाबूचं काई हरपलं काय?" सगळ्या बाया हसू लागल्या.

तो हसला नाही. म्हणाला, "माही माय अशीच गाये. तिच्या पाठीवर बांधलेला राहून मी आयकलं हे. वाकलेल्या माणसाचा सूर सरळ कसा निघन, बाबू?"

त्या दिवशी मला त्याची गिटार समजली. तो जे वाजवायचा त्यात दर ओळीच्या शेवटी एक जागा यायची, तिथे कांडका सुरावर न थांबता जरा खाली झुकायचा. शिकलेले लोक म्हणत, वाजवतो छान पण तिथे थोडा बेसूर होतो. आमच्या गावातल्या बाया मात्र त्या जागेला हातातलं काम थांबवायच्या.

त्याची माय कोंढ्याला भेटली. बारीक चणीची, पाठीतून कायमची वाकलेली. चहा झाला, तसं तिने डोळ्यांनीच गिटारीकडे दाखवलं. त्याने तेच रोवण्याचं गाणं वाजवायला घेतलं. दोन जिल्हे गाजवणारा हा माणूस तिच्यासमोर परीक्षेला बसल्यासारखा बसला होता. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती. ती जागा आली, तसं तिने डोळे न उघडता म्हटलं, "अजून वाक ना बाबू थोडा." त्याने पुन्हा वाजवलं. "हं," ती म्हणाली. या एका 'हं'साठी तो वरठीहून कोंढ्याला जात असे, असं मला वाटतं. टाळ्या त्याला भरपूर मिळायच्या, त्या तो मोजायचाही, पण त्याचा खरा निकाल तिथे लागत असे.

मग सीडी आली.

नागपूरच्या एका दुकानदाराने त्याला एका भीमजयंतीत ऐकलं आणि नुसत्या गिटारीची सीडी काढायचं ठरवलं. आमच्या हवाईवाल्याला पंख फुटले. कव्हरवरच्या फोटोसाठी त्याने नवा चष्मा घेतला. कारखान्यात ज्याला त्याला सांगत सुटला, "शिडी येऊन राहिली. शिडी आली म्हणजे वर चढाच लागते." बाकी सगळी गाणी जयंतीतली नेहमीची होती. शेवटचं तेवढं त्याने हट्टाने रोवण्याचं घेतलं. मला म्हणाला, "मायचा सूर आहे तो. माय काय अमर आहे? एक डाव छापून ठेवला म्हणजे कोठं जात नाही."

ही गोष्ट त्याला खरोखर हवी होती. चष्मा, फोटो, कीर्ती ही हौस होती. तो वाकलेला सूर कुठेतरी कायमचा उमटून राहावा, यासाठी मात्र त्याचा जीव लागला होता.

स्टुडिओतला पोरगा गुणी होता आणि मनाचाही चांगला होता, हे सांगायला हवं. त्याने मन लावून काम केलं. सीड्या छापून आल्या. वरठी स्टेशनजवळच्या पानठेल्यावर सीडी वाजवणारा टेप होता, तिथे आम्ही आठ-दहा जण जमलो. एकेक गाणं होत गेलं. सगळे वाहवा करत होते, आणि खरंच सुरेख वाजत होतं, एकेक सूर धुतल्यासारखा. शेवटी रोवण्याचं लागलं. ओळीच्या शेवटाला ती जागा आली आणि सूर सरळ खालच्या पट्टीवर जाऊन बसला. जराही थरथरला नाही. दुसऱ्या ओळीलाही तसंच. तिसऱ्या ओळीलाही.

त्याने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग पानठेल्यावरच्या फोनवरून स्टुडिओत फोन लावला. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, कारण पोरगा आनंदाने मोठ्याने बोलत होता.

"हां काका, वो थोडा बेसूर जा रहा था ना, मी कंप्युटरवर सगळं सीधा करून दिलं! एकेक सूर पकडून बसवला. आवडलं ना?"

"आणि माह्यावालं? जे मी वाजवलं ते?"

"ते त्याच्यावरच सेव्ह झालं ना काका. आता कशाला पाहिजे ते?"

त्याने फोन ठेवला. पोराला एक शब्द वाकडा बोलला नाही. आम्हाला एवढंच म्हणाला, "खड्डा बुजवला पोरानं. गाडी आता दणका न खाता जाते." मग कोणीतरी सीडीवर सही मागितली. त्याने केस मागे सारले आणि सही दिली.

सीडी चालली हो. पानठेल्यांवर, काळीपिवळी जिपांत, जयंतीच्या मंडपात ती वाजू लागली. त्यात रोवण्याचं गाणं सगळ्यात जास्त. आणि मग असं काही झालं, की ज्याची त्याने किंवा मी कल्पना केली नव्हती. तुमसरच्या पुढे नाकाडोंगरीला बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम होता. लोकांनी रोवण्याचं मागितलं. त्याने वाजवलं, आपलं, मूळचं. ती जागा आली तशी लोकांत चुळबूळ झाली. एक शर्टाची इस्त्री न मोडलेला तरुण उठला आणि अदबीने म्हणाला, "दादा, रागावू नका. शिडीत असं नाही आहे. शेवटाले थोडं चुकून राहिलं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय चुकलं? ते सगळे हे गाणं त्याच्याच फोटोवाल्या सीडीवरून शिकले होते.

त्याने चष्मा सारखा केला. मग त्याने पुन्हा सुरुवात केली आणि सीडीत होतं तसं वाजवलं, सरळ, स्वच्छ. टाळ्यांनी मंडप दणाणला.

परत येताना देव्हाडा लागला. तिथे चहाला थांबलो, तेव्हा म्हणाला, "माह्याच शिडीची नक्कल करून राहिलो, बाबू."

"नका करू. तुमचं तुम्ही वाजवा," मी म्हणालो.

"आन् लोक म्हणतीन हवाईवाल्याचा हात गेला." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "टाळ्या कशा होत्या?"

"जोरात होत्या."

"हो ना," तो म्हणाला. त्याचा चेहरा खुलला आणि लगेच मावळला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. टाळ्या सोडवत नव्हत्या, आणि ज्या सुरासाठी त्या मिळत होत्या तो आपला नाही हेही विसरता येत नव्हतं. या कात्रीत तो पुढची चार-पाच वर्षं राहिला. लोकांसमोर सरळ वाजवायचा. कधीमधी दुपारच्या सुट्टीत वजनकाट्याच्या खोलीत, ट्रक नसले म्हणजे, माझ्यासमोर वाकून वाजवायचा. ऐकणारा मी एकटा, मलाही पुरतं कळायचं नाही, पण त्याला तेवढं पुरायचं.

मायला मात्र त्याने सीडी कधीच ऐकवली नाही. तिने मागितली होती. गावातल्या कोणीतरी तिला सांगितलं, तुझ्या पोराचं गाणं बाजारात येऊन राहिलं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, "मले आयकव ना रे ते."

"मी आहो ना माय. मी असताना शिडी कायले पायजे?" तो म्हणाला, आणि मांडी घालून बसला. त्या दिवशी त्याने जे वाजवलं ते मी विसरणार नाही. मायने एकदाही 'वाक' म्हटलं नाही.

येताना मी त्याला म्हटलं, "दुसरी काढा. कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका."

"काढाच लागते. मायचा सूर राहून गेला ना." त्याने त्या स्टुडिओतल्या पोराला जाऊन सगळं समजावलंही होतं. पोरगा खजील होऊन म्हणाला होता, काका, केव्हाही या, जसं वाजवाल तसं ठेवतो. पण कधी जयंतीचे कार्यक्रम आले, कधी कारखान्यात ओव्हरटाईम आला. कधी त्याला वाटे, आधी थोडा हात बसू द्या, सरळ वाजवून वाजवून हात सरळ झाला आहे. हे शेवटचं कारण खरं असावं, कारण एकदा काट्याच्या खोलीत तीनदा प्रयत्न करूनही ती जागा त्याला नीट लागली नाही. त्याने कांडका खिशात टाकला आणि चष्मा काढून डोळे पुसले. मी ट्रकची पावती लिहीत असल्याचं दाखवलं.

त्या वर्षी रोवणा संपला की जायचं असं ठरलं. रोवणा संपला आणि त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग भंडारा, मग नागपूर. मी भेटायला गेलो, तेव्हा चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा मला ओळखू आला नाही. आवाज खोल गेला होता, पण ऐट होती. नर्सला म्हणाला, "सिस्टर, हे काटेबाबू. माह्या दोन्ही जिल्ह्यांचे मॅनेजर." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "मायले सांगू नका, येवढा आजारी आहो म्हणून." तिला सांगायची वेळ आली तेव्हा तो राहिला नव्हता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वरठीला त्याच्या घरासमोर झाला. मंडप घातला होता, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेब, बाजूला त्याचा तोच नव्या चष्म्यातला फोटो. त्रिशरण-पंचशील झालं. माणसं इतकी आली होती की मागे रस्त्यावर उभी होती. सुपरवायझर साहेब बोलले आणि बोलताना रडले. माय पुढे सतरंजीवर बसली होती, जमिनीकडे वाकलेली. मी तिच्याजवळच बसलो होतो.

भाषणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, आता त्यांचीच आठवण म्हणून त्यांचं गाणं ऐकू या. मी उठायच्या आत माईकवाल्याने सीडी लावली. रोवण्याचं गाणं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ओळीच्या शेवटी सूर सरळ जाऊन बसला. पुढच्या ओळीलाही बसला.

मायने मान उचलली. कानामागे हात धरून तिने सबंध गाणं ऐकलं, अगदी शेवटपर्यंत. मग माझ्या बाहीला धरून विचारलं, "कोण होय जी हा वाजवणारा?"

मी टेबलावरच्या त्याच्या फोटोकडे पाहिलं.

"बरा वाजवते," ती म्हणाली. "आता माह्या पोराचं लावा ना."

माईकवाला माझ्याकडे पाहत होता. त्याच्याकडे ती एकच सीडी होती.